बटाट्याचे श्वसन आणि वालातला अडसर : डॉ. कमला सोहोनी यांचे जीवरसायनशास्त्र

बटाटा चिरून ठेवला की थोड्याच वेळात त्याचा कापलेला भाग तपकिरी पडू लागतो, आणि म्हणूनच स्वयंपाकघरात चिरलेल्या फोडी पाण्यात टाकून ठेवण्याची पद्धत आहे. पाण्यामुळे हवेतील ऑक्सिजनचा फोडींशी येणारा संबंध कमी होतो आणि रंग बदलण्याची क्रिया मंदावते. ही क्रिया घडवून आणते ते बटाट्यातलेच एक विकर, म्हणजे सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रियांना वेग देणारे एक प्रथिन. बटाट्याची पेशी अखंड असते तोवर हे विकर आणि ज्यांच्यावर ते काम करते ती फिनॉल वर्गातील द्रव्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने तपकिरी रंगद्रव्य तयार होऊ लागते. १९३० च्या दशकात या साध्या दिसणाऱ्या गोष्टीमागे जीवरसायनशास्त्रातला एक मोठा प्रश्न दडलेला होता. वनस्पतीही श्वसन करतात, ऑक्सिजन वापरतात, हे ठाऊक होते. पण तो ऑक्सिजन शेवटी कोणत्या विकराच्या हाती जातो? फोडी काळवंडवणाऱ्या या विकराच्या, की प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींत आढळलेल्या, लोहयुक्त प्रथिनांच्या साखळीच्या? केंब्रिजमध्ये या प्रश्नाच्या उत्तराला हातभार लावणाऱ्यांत कमला भागवत ही भारतीय विद्यार्थिनी होती. पुढे विवाहानंतर त्या डॉ. कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या.

मराठी वाचकाला त्यांच्याविषयी सहसा दोन गोष्टी माहीत असतात. एक म्हणजे त्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. आणि दुसरी म्हणजे बंगळूरच्या संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दुसरी तर सांगितलीच पाहिजे अशी आहे. तरीही ज्या कामासाठी त्यांनी तो प्रवेश झगडून मिळवला, ते काम या कथनात बहुतेक वेळा एका वाक्यात आटोपले जाते. ‘त्यांनी सायटोक्रोम सी शोधले’ असे ते वाक्य असते, आणि ते पुरेसे अचूकही नाही. एखाद्या वैज्ञानिक स्त्रीचा गौरव करायचा आणि तिचे विज्ञान मात्र समजून घ्यायचे नाही, हा मला तिच्यावर होणारा दुसरा अन्याय वाटतो. म्हणून या लेखात त्यांच्या चरित्राइतकीच, किंबहुना थोडी अधिक जागा त्यांच्या कामाला दिली आहे.

इंदूरला जन्मलेल्या कमलाबाईंच्या घरी रसायनशास्त्र आधीपासूनच होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे विद्यार्थी. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एससी. पदवी रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम विषय घेऊन मिळवली आणि त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. रामन त्याच वर्षी संस्थेचे संचालक झाले होते. त्यांना नोबेल पारितोषिक मिळून तीन वर्षे झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला, आणि कारण गुणवत्तेचे नव्हते. कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. गांधीजींच्या मार्गाने जाणाऱ्या या तरुणीने संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला, आणि अखेर रामन यांनी अटी घालून प्रवेश दिला: पहिले वर्ष परीक्षाधीन असेल, कामाचा दर्जा पटेपर्यंत त्याला मान्यता मिळणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम करावे लागेल, आणि तिच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. यातली शेवटची अट आज वाचतानाही मन विषण्ण करते. कमलाबाईंनी त्या अटी मान्य केल्या, वर्ष पार पाडले आणि त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात केली. मात्र तो अपमान त्या कधीच विसरल्या नाहीत. रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण मान्य करूनही त्यांची स्त्रियांविषयीची दृष्टी संकुचित होती, असे त्यांनी अनेक दशकांनंतर वैज्ञानिक स्त्रियांच्या सभेत जाहीरपणे सांगितले.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक होते एम. श्रीनिवासय्या, शिस्तीला कडक पण विद्यार्थिनीची कदर करणारे शिक्षक. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि १९३६ साली एम.एससी. विशेष गुणवत्तेसह पूर्ण केली. विषयाची ही निवड लक्षात ठेवण्याजोगी आहे. भारतातील बहुसंख्य माणसांच्या ताटात प्रथिने येतात ती मुख्यतः डाळींतून. त्यामुळे डाळीतील प्रथिन शरीराला कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न प्रयोगशाळेत जन्मला असला तरी त्याचे उत्तर घराघरांतल्या जेवणाशी जोडलेले होते. पुढे वीस वर्षांनी त्या याच प्रश्नाकडे परतल्या.

त्यानंतर त्या केंब्रिजला गेल्या, न्यूनहॅम कॉलेजात राहिल्या आणि सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात दाखल झाल्या. हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांच्या शोधकार्याबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांचा विभाग स्त्री संशोधकांना मोकळेपणाने काम करू देण्याबद्दल त्या काळी विशेष ओळखला जाई. सूक्ष्मजीवांच्या रसायनशास्त्रावर मूलभूत काम करणाऱ्या मार्जरी स्टीफन्सन आणि स्नायूंच्या रसायनशास्त्रावर काम करणाऱ्या डोरोथी नीडहॅम याच विभागातल्या. बंगळूरच्या अनुभवानंतर हे वातावरण कमलाबाईंना किती वेगळे वाटले असेल, याची कल्पना करता येते. तथापि केंब्रिजचे चित्रही निर्दोष रंगवू नये, कारण त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व आणि पुरुषांच्या बरोबरीची पदवी दिली ती १९४८ साली, म्हणजे कमलाबाई पीएच.डी. होऊन परतल्यानंतर नऊ वर्षांनी.

तेथे त्यांनी आरंभी डेरेक रिश्टर यांच्यासमवेत काम केले. १९३८ साली दोघांनी प्राण्यांच्या ऊतींतील फिनॉलवर काम करणारी विकरे आणि ॲड्रेनलिन यांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी जर्मनीतून आलेले हर्मन ब्लाश्को यांच्यासह अमाइन ऑक्सिडेज या विकरावरचा निबंध आला. हे विकर शरीरातील ॲड्रेनलिनसारख्या संदेशवाहक द्रव्यांचे विघटन करते, आणि १९५० च्या दशकात नैराश्यावर जी सुरुवातीची औषधे आली त्यांतील एक महत्त्वाचा गट याच विकराला अडवून काम करतो. त्यांच्या कार्याच्या परिचयांत हा भाग क्वचितच येतो, म्हणून येथे मुद्दाम नोंदवला.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. हिल हे वनस्पतींतील रंगद्रव्यांचे जाणकार. पेशीतून वेगळे काढलेले हरितलवक, म्हणजे पानातील हरितद्रव्य असलेले सूक्ष्म अंगक, प्रकाशात ऑक्सिजन सोडू शकते, हे त्यांनी १९३७ च्या सुमारास दाखवले होते आणि ती क्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. याच काळात बटाट्याचा प्रश्न कमलाबाईंच्या टेबलावर आला.

तो प्रश्न समजण्यासाठी पेशीत श्वसन कसे चालते ते पाहावे लागेल. आपण श्वास घेतो तेव्हा फुप्फुसांत जाणारा ऑक्सिजन रक्तातून प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचतो. पण त्याचा खरा उपयोग पेशीच्या आत, तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म अंगकांत होतो. खाल्लेल्या अन्नातील ग्लुकोज, मेद इत्यादींचे तुकडे होत जातात तसे त्यांतून इलेक्ट्रॉन मोकळे होतात. हे इलेक्ट्रॉन सरळ ऑक्सिजनकडे गेले तर सगळी ऊर्जा एकाच वेळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडेल आणि पेशीला ती साठवता येणार नाही. म्हणून इलेक्ट्रॉनांचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. इमारतीच्या बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून काँक्रीटचे घमेले हातोहात पुढे देतात, तसे प्रथिनांची एक साखळी इलेक्ट्रॉन एकमेकांकडे सोपवत नेते आणि शेवटचे प्रथिन तो ऑक्सिजनला देते. प्रत्येक टप्प्यावर सुटणाऱ्या थोड्या थोड्या ऊर्जेतून एटीपी हा रेणू तयार होतो, आणि स्नायूंच्या हालचालीपासून विचार करण्यापर्यंत पेशीचे प्रत्येक काम त्याच्या बळावर चालते. ही ऊर्जा एटीपीत नेमकी कशी साठते, याचा उलगडा पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडला. कमलाबाई केंब्रिजला होत्या तेव्हा साखळीतले दुवेच अजून एकेक करून ओळखले जात होते.

त्यातील काही दुव्यांना सायटोक्रोम म्हणतात. या प्रथिनांच्या पोटात लोहाचा एक अणू बसवलेला असतो, रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असतो तसा. फरक एवढाच, की हिमोग्लोबिनचे लोह ऑक्सिजन वाहते आणि सायटोक्रोमचे लोह इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन मिळाला की लोह एका अवस्थेत जाते, दिला की दुसऱ्या. सायटोक्रोम सी हा त्यांतील लहान आणि पाण्यात सहज विरघळणारा दुवा असून तो साखळीतील शेवटच्या विकराला, सायटोक्रोम ऑक्सिडेजला, इलेक्ट्रॉन नेऊन देतो. ऑक्सिजनच्या एका रेणूचे पाण्यात रूपांतर होण्यासाठी चार इलेक्ट्रॉन लागतात आणि सायटोक्रोम सी एका वेळी एकच इलेक्ट्रॉन वाहून नेऊ शकतो, त्यामुळे आपल्या प्रत्येक श्वासातील ऑक्सिजनच्या एकेका रेणूमागे अशा चार फेऱ्या होत असतात. सायनाइडचे विष इतक्या वेगाने मारते ते याच शेवटच्या विकराला जखडून टाकल्यामुळे. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण तो घेणारेच कोणी उरत नाही.

ही साखळी केंब्रिजमध्येच डेव्हिड केइलिन यांनी १९२५ साली ओळखली होती. वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, यीस्टच्या द्रावणाकडे पाहताना त्यांना चार गडद पट्टे दिसले. द्रावण हवेत हलवले की पट्टे नाहीसे होत आणि थोडा वेळ तसेच ठेवून यीस्टने आतला ऑक्सिजन संपवला की पुन्हा उमटत. जिवंत पेशींचे श्वसन त्यांनी डोळ्यांनी पाहिले असे म्हटले तरी चालेल. असे पट्टे त्यांना कीटकांच्या स्नायूंत आणि उच्च वनस्पतींतही आढळले होते. त्यामुळे सायटोक्रोमच्या शोधाचे श्रेय केइलिन यांचे आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे, आणि तसे म्हटल्याने कमलाबाईंचे काम लहान होत नाही.

कारण वनस्पतींच्या बाबतीत पट्टे दिसणे आणि साखळी खरोखर काम करत असणे, यांत मोठे अंतर होते. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग इतका गडद असतो की त्याच्या आड सायटोक्रोमचे फिकट पट्टे लपून जातात. शिवाय बटाट्यासारख्या वनस्पतीत फोडी काळवंडवणारे ते दुसरे विकर इतके विपुल आणि इतके कार्यक्षम असते की ऊती वाटून ऑक्सिजनचा खप मोजला, तर मोजमापात तेच पुढे येते. वनस्पतींचे श्वसन मुख्यतः याच विकराच्या मार्फत होते, असे मानणारे संशोधक तेव्हा होते आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. हा गुंता सोडवायला बटाट्याचा कंद एका परीने सोयीचाही होता, कारण तो जमिनीखाली वाढतो आणि त्यात हरितद्रव्य नसते.

दोन विकरांमध्ये फरक करण्याच्या काही कसोट्या त्या काळी उपलब्ध होत्या. सायनाइड दोघांनाही अडवते, म्हणून त्याने निवाडा होत नाही. कार्बन मोनॉक्साइडही दोघांना अडवतो, परंतु सायटोक्रोम ऑक्सिडेजवर त्याची पकड प्रखर प्रकाशात सुटते आणि काळवंडवणाऱ्या विकरावरची सुटत नाही. प्रकाशाचा हा परिणाम ओटो वारबुर्ग यांनी यीस्टमध्ये १९२० च्या दशकात दाखवला होता. तिसरी कसोटी म्हणजे शुद्ध सायटोक्रोम सी घातल्यावर ऑक्सिजनचा खप वाढतो का ते पाहणे. ज्या विकराला इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सीकडूनच हवा असतो, ते हा दुवा पुरवल्यावर वेगाने कामाला लागणार, हे उघड आहे. १९३९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हिल आणि भागवत यांनी सपुष्प वनस्पतींत सायटोक्रोम ऑक्सिडेज असल्याचे मांडले. प्राणी आणि यीस्ट यांच्यात ऑक्सिजनला अखेरचा इलेक्ट्रॉन देणारे विकर वनस्पतींतही आहे, हे त्यातून पुढे आले. या विषयावरचा त्यांचा सविस्तर निबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला. वनस्पतींच्या श्वसनातही मुख्य मार्ग सायटोक्रोमांच्याच साखळीचा आहे, हे पुढे सर्वमान्य झाले.

बटाट्यातील सायटोक्रोम सीविषयी आणि एकूण वनस्पतींच्या श्वसनाविषयी लिहिलेल्या प्रबंधावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली. केंब्रिजला पोहोचल्यापासून जेमतेम सव्वा वर्षात तो पूर्ण झाला आणि तो केवळ चाळीस पानांचा होता. त्यांचा उल्लेख विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा केला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डॉक्टरेट दिली होती, हे ध्यानात घेता हा मान थोडा जपून, केंब्रिजपुरता आणि जीवरसायनशास्त्रापुरता सांगणे योग्य ठरेल.

या शोधाचा अर्थ त्या काळी दिसला त्याहून पुढे अधिक खोल निघाला. १९६० च्या दशकात वेगवेगळ्या सजीवांच्या सायटोक्रोम सीमधील अमिनो आम्लांचा, म्हणजे ज्या घटकांच्या साखळीतून प्रथिन बनते त्यांचा, क्रम एकापाठोपाठ एक वाचला गेला, तेव्हा माणसाचा आणि चिंपांझीचा क्रम १०४ पैकी १०४ जागी सारखा निघाला, आणि माणूस व गहू यांच्यातही निम्म्याहून अधिक जागी तेच अमिनो आम्ल आढळले. १९६७ साली फिच आणि मार्गोलियाश यांनी केवळ या एका प्रथिनातील फरकांवरून वीस सजीवांचा वंशवृक्ष काढून दाखवला. वनस्पती आणि प्राणी यांचे पूर्वज एकच होते, आणि श्वसनाची ही यंत्रणा त्यांना वारशाने मिळाली, याचा इतका सुबक पुरावा दुसऱ्या फार थोड्या रेणूंनी दिला आहे.

युद्ध सुरू झाले त्याच वर्षी कमलाबाई भारतात परतल्या. परदेशात राहून संशोधन करण्याची पात्रता त्यांच्याकडे होती. गांधीविचाराचा प्रभाव आणि स्वतःच्या समाजासाठी काम करण्याची इच्छा यांनी त्यांना परत आणले. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काम केले, त्यानंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर संशोधन केले. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९४७ साली विमागणितज्ञ माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि फोर्टमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. पात्रता असूनही संचालकपद त्यांना उशिरा मिळाले. त्या पदावर येऊन त्या १९६९ साली निवृत्त झाल्या.

मुंबईतील त्यांच्या कामाचा पसारा मोठा होता. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हाती घेतला. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह असते आणि ताडगूळ करताना ती सगळीच नष्ट होत नाहीत, हे त्यांच्या गटाने दाखवले आणि या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पाच्या त्या सल्लागार होत्या आणि दूध नासू नये यासाठीची कार्यपद्धती त्यांनी घालून दिली. निवृत्तीनंतर भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या कामात त्या रमल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात अन्नातील भेसळ आणि ग्राहकांची सुरक्षितता यांविषयी लिहीत राहिल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या वडील भगिनी दुर्गाबाई १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात ठामपणे बोलल्या होत्या. अन्याय्य अधिकारापुढे मान न झुकवण्याचा गुण या घरात एकीपुरता मर्यादित नव्हता.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे डाळी आणि कडधान्यांवरचे काम. ते मुंबईत झाले, आणि ते ज्या पदार्थांविषयी आहे ते आपल्या रोजच्या जेवणातले आहेत.

कडधान्यांत वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. पण धान्यात किती प्रथिन आहे आणि शरीराला त्यातले किती मिळते, हे दोन वेगळे आकडे आहेत. खाल्लेले प्रथिन जसेच्या तसे रक्तात जात नाही. त्याचे तुकडे करत करत शेवटी सुटी अमिनो आम्ले व्हावी लागतात. या कामाची सुरुवात जठरात होते आणि मोठा भाग लहान आतड्यात, स्वादुपिंडाकडून येणाऱ्या पाचक रसांमुळे पार पडतो. त्या रसांतील प्रमुख विकर म्हणजे ट्रिप्सिन. प्रथिनाच्या लांब साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो आम्ले जेथे येतात, नेमके त्यांच्या पुढे ट्रिप्सिन कापते. त्याचे महत्त्व दुहेरी आहे, कारण स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपात येणारी इतर पाचक विकरेही ट्रिप्सिनच जागी करते. म्हणजे ट्रिप्सिन अडले तर प्रथिने पचवणारी सगळी फळीच मंदावते.

आणि कडधान्याच्या दाण्यात ट्रिप्सिनला अडवणारे प्रथिन असते. त्याच्या पृष्ठभागावर लायसिन किंवा आर्जिनिन असलेला एक ताठ, वळणदार भाग पुढे आलेला असतो. ट्रिप्सिन त्याला आपले भक्ष्य समजून धरते, पण तो भाग सहजी कापला जात नाही आणि सुटतही नाही. ट्रिप्सिनचा तो रेणू तेथेच अडकून पडतो. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत आणि तेच सोयाबीन शिजवून दिले तर वाढतात, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ सालीच पाहिले होते. कारण मात्र पुढे कळले, आणि १९४० च्या दशकाच्या मध्यात मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील हा प्रतिरोधक स्फटिकरूपात मिळवला. एखादे प्रथिन स्फटिकरूपात मिळणे म्हणजे ते इतर सगळ्यांपासून वेगळे, शुद्ध झाल्याची ग्वाही. त्याशिवाय त्याचे गुणधर्म खात्रीने सांगता येत नाहीत.

परंतु भारतात तेव्हा सोयाबीन फारसे कोणी खात नव्हते. आपल्या भाज्यांत आणि आपल्या कडधान्यांत काय आहे, हे आपणच तपासायला हवे होते, आणि ते कमलाबाईंनी केले. १९५४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन-प्रतिरोधकांवर निबंधमाला सुरू केली. १९५५ साली ‘नेचर’मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतून निबंध गेला, तो वाल-पावट्याच्या जातीच्या कडधान्यातून आणि डबल बीमधून ट्रिप्सिनचे प्रतिरोधक स्फटिकरूपात मिळवल्याचा. केंब्रिजमधल्या निबंधानंतर सोळा वर्षांनी त्याच नियतकालिकात, पण या वेळी स्वतःच्या विभागातून, स्वतःच्या विद्यार्थ्यांसह आणि कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेल्या दाण्यावर केलेले हे काम होते. पुढे १९६० च्या दशकात त्यांच्या गटाने याच धान्यांतील आणखी एका प्रथिनाचा, तांबड्या रक्तपेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या द्रव्याचा, अभ्यास केला. असे द्रव्य आतड्याच्या आतल्या अस्तरालाही चिकटते. अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यावर उलट्या होतात त्या याच वर्गातील द्रव्यामुळे.

प्रतिरोधकाचे नुकसान केवळ प्रथिन कमी पचण्यापुरते नसते. प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले, की ट्रिप्सिन अडकत गेले की स्वादुपिंड त्याची भरपाई करण्यासाठी अधिकाधिक ट्रिप्सिन तयार करते आणि स्वतः आकाराने वाढते. ट्रिप्सिनमध्ये गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर असतात, आणि कडधान्यांत नेमकी तीच कमी असतात. म्हणजे ज्या गोष्टीची आधीच उणीव आहे, तीच शरीराबाहेर वाहून जाऊ लागते. एरवी डाळीतील ही उणीव तांदूळ किंवा गहू भरून काढतो आणि धान्यातली लायसिनची उणीव डाळ भरून काढते. वरण-भाताची जोडी पोषणाच्या दृष्टीने चांगली ठरते ती यामुळे.

यावर उपाय काय, हे या प्रतिरोधकाच्या घडणीतच आहे. तो प्रथिन असल्यामुळे पाण्यात नीट उकळल्यावर त्याची घडी उलगडते आणि अडवण्याची शक्ती बरीचशी जाते. काही कडधान्यांतील प्रतिरोधक आतल्या गंधकाच्या बंधांमुळे उष्णतेला अधिक चिवट असतात, म्हणून केवळ कोरडे भाजणे पुरत नाही. दाण्यात पाणी मुरलेले असले पाहिजे आणि तो पूर्ण शिजला पाहिजे. भिजवल्याने काही भाग पाण्यात उतरतो. मोड येऊ लागले की दाणा आपली साठवलेली प्रथिने रोपासाठी मोडू लागतो आणि त्यांत प्रतिरोधकही हळूहळू कमी होत जातो. वाल रात्रभर भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून सोलायचे आणि मग बिरडे शिजवायचे, या आपल्याकडच्या पद्धतीतील जवळपास प्रत्येक पायरी या दृष्टीने उपयोगाची ठरते. मात्र मोड आले म्हणजे दाणा कच्चा खाण्याजोगा झाला, असा समज वाल, डबल बी आणि राजमा यांच्या बाबतीत धरू नये; त्यांना शिजवण्याला पर्याय नाही.

मग असा प्रश्न साहजिक पडतो, की प्रतिरोधक नसलेले वाण का तयार करू नयेत? तसे प्रयत्न झाले आहेत, विशेषतः सोयाबीनमध्ये. अडचण अशी, की झाडाने हा प्रतिरोधक माणसासाठी केलेला नाही. दाणा खाणाऱ्या किडींच्या पोटातही ट्रिप्सिनसारखीच विकरे असतात आणि प्रतिरोधक त्यांनाही अडवतो. तो दाण्याच्या संरक्षणाचा भाग आहे. तो काढून टाकला तर पीक आणि साठवलेले धान्य किडींपुढे अधिक उघडे पडण्याची भीती असते. उलट दिशेने, हेच प्रतिरोधक दुसऱ्या पिकांत आणून त्यांना किडींपासून वाचवता येईल का, यावरही संशोधन झाले आहे. शेतात उपयोगी आणि ताटात नको असलेले हे प्रथिन शेतात राहू द्यावे आणि चुलीवर घालवावे, हाच मार्ग आजही सर्वांत सोयीचा आहे.